मोठ्या वाहनाचा रंग, खारी हवा आणि सिरॅमिकचा लेप

सात-आठ आसनांची जीप, पर्यटकांची बारा-पंधरा आसनी गाडी किंवा मिनीबस खरेदी करताना इंजिन, मायलेज आणि आसनव्यवस्था यांची बारकाईने चौकशी होते. रंगाची चौकशी मात्र बहुधा छटा निवडण्यापुरतीच राहते. प्रत्यक्षात कोकणच्या खाऱ्या हवेत किंवा विदर्भाच्या उन्हात वाहनाचे वय सर्वांत आधी दिसू लागते ते त्याच्या रंगावर. इंजिन ठणठणीत असूनही टपावरची चकाकी उडालेली, बॉनेटवर पांढुरके चट्टे उठलेले आणि दारांच्या खालच्या कडेला तांबेरा धरू लागलेला, अशी वाहने किनारपट्टीच्या गावांत जागोजागी आढळतात. मोठे वाहन पुन्हा रंगवणे हा किरकोळ खर्च नव्हे. प्रवासी वाहतूक करणाऱ्याला तर त्या काळात गाडी उभी ठेवावी लागते आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

गेल्या काही वर्षांत यावरचा उपाय म्हणून 'सिरॅमिक कोटिंग' हे नाव सर्वतोमुखी झाले आहे. नव्या गाडीच्या ताब्याबरोबरच विक्रेता हा लेप सुचवतो. त्याच्या जाहिरातींत काचेसारखी चमक, कमळाच्या पानासारखे ओघळणारे पाणी आणि अनेक वर्षांची हमी यांचा उल्लेख असतो. हा लेप निरुपयोगी नाही, पण तो सर्वशक्तिमानही नाही. तो रंगाचे रक्षण करतो, पत्र्याचे नाही, आणि तेही योग्य तयारी व नियमित निगा असेल तरच. हा फरक ठाऊक असल्यास पैसा कोठे खर्च करावा, हे ठरवणे सोपे जाते.

रंग म्हणजे एकच थर नव्हे

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या वाहनाच्या पत्र्यावर एकावर एक असे अनेक थर असतात. पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक प्रायमरचा थर बसवला जातो. त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा दुसरा प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगछटेचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर, म्हणजे 'क्लिअर कोट', अशी ही रचना असते. या सर्वांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. मानवी केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन धरली, तर दीड-दोन केसांएवढ्या थरावर वाहनाचे सारे सौंदर्य आणि बरेचसे आयुष्य अवलंबून असते.

त्यातही निर्णायक आहे तो वरचा पारदर्शक थर. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असते. चमक त्याचीच असते आणि सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्येही प्रामुख्याने त्याच्यातच मिसळलेली असतात. हा थर झिजला, तडकला किंवा त्याची साले निघू लागली की खालचा रंग उघडा पडतो आणि झपाट्याने फिका होतो. त्या अवस्थेत कोणतेही पॉलिश वा लेप चालत नाही. तो भाग घासून नव्याने रंगवणे एवढाच मार्ग उरतो. म्हणून रंगाचे रक्षण करायचे म्हणजे मुख्यतः हा पारदर्शक थर वाचवायचा.

ऊन, मीठ आणि पाणी

महाराष्ट्रात या थराला निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या शत्रूंशी झुंजावे लागते. विदर्भात मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या वाहनाचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक, ७० अंशांच्या घरात तापू शकतो. पांढरा पत्रा तुलनेने बराच थंड राहतो. दिवसा प्रसरण आणि रात्री आकुंचन, त्यात अतिनील किरणांचा मारा, यामुळे पारदर्शक थराची रासायनिक बांधणी हळूहळू सैल होते. उन्हाची झळ सर्वाधिक बसते ती आडव्या भागांना, म्हणजे टप आणि बॉनेट यांना. दारांचा रंग शाबूत असताना टपाची साले निघण्याचे कारण हेच.

कोकणात मुख्य शत्रू आहे समुद्राचे मीठ. वाऱ्याबरोबर येणारे क्षारकण वाहनावर बसतात. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प शोषून स्वतःच ओले होते. किनाऱ्यावर रात्री आर्द्रता सहसा याहून अधिकच असते. म्हणजे पाऊस नसतानाही वाहनावर खाऱ्या पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा टिकून राहतो. रंग अखंड असेल तर त्याचे फारसे बिघडत नाही. परंतु खडी उडून एखादा टवका गेला असेल, तर मीठ थेट पत्र्याला भिडते आणि गंज रंगाखालून पसरू लागतो. जांभ्या दगडाची तांबडी धूळ पांढऱ्या वाहनांवर डाग धरते, ती वेगळीच.

मुंबईसारख्या शहरात आणखी एक उपद्रव असतो. लोहमार्गालगत उभ्या राहणाऱ्या वाहनांवर रुळांच्या आणि ब्रेकच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण येऊन बसतात. ते रंगात रुततात, गंजतात आणि पांढऱ्या रंगावर तांबूस ठिपके दिसू लागतात. कबुतरे व कावळ्यांची विष्ठा तापलेल्या रंगावर वाळली की पारदर्शक थरावर कायमचा व्रण उमटतो. आंब्याच्या झाडाखाली वाहन उभे करणाऱ्यांना मोहोराच्या दिवसांतला चिकटा ठाऊक असतोच. तुडतुड्यांनी स्रवलेला हा गोड द्रव टपावर पडतो आणि त्यावर धूळ घट्ट बसते.

पाणीही निरुपद्रवी नाही. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. अशा पाण्याने उन्हात वाहन धुतले आणि पाणी जागीच वाळू दिले, तर पांढरी वलये उमटतात. ती वेळीच काढली नाहीत, तर त्यांचा ठसा रंगात उतरतो.

लेप म्हणजे नेमके काय?

'सिरॅमिक' या शब्दाने चिनी मातीची बरणी डोळ्यांसमोर येते. येथे अर्थ वेगळा आहे. बाटलीतील द्रवात सिलिकॉनची संयुगे द्रावकात विरघळवलेली असतात. काही उत्पादनांत पॉलिसिलाझेन हा घटक असतो, तर काहींत सिलॉक्सेन जातीची संयुगे. द्रव रंगावर फासला की द्रावक उडून जातो. उरलेली संयुगे हवेतील बाष्पाशी संयोग पावून एकमेकांत गुंफली जातात आणि काचेशी नाते सांगणारा कडक, पारदर्शक पापुद्रा तयार होतो. मेणासारखा तो रंगावर नुसता पसरून राहत नाही, रंगाला घट्ट धरून बसतो. साध्या शाम्पूने तो निघत नाही. काढायचाच झाला तर घासूनच काढावा लागतो.

या पापुद्र्याची जाडी साधारण एक ते दोन मायक्रॉन, अनेकदा त्याहूनही कमी असते. त्याचे मुख्य गुण तीन. पहिला, तो पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे मीठ, चिखल व काजळी घट्ट चिकटत नाहीत आणि धुणे सोपे होते. दुसरा, सौम्य आम्ल-अल्कली तो रंगापेक्षा चांगली सोसतो, त्यामुळे पक्ष्यांची विष्ठा पुसून काढण्यास थोडी अधिक सवड मिळते. तिसरा, उष्णतेने तो वितळत नाही. कार्नोबा हे ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाचे मेण पॉलिशमध्ये सर्वांत कठीण मानले जाते, पण तेही ८० अंशांच्या थोडे वर वितळते. तापलेल्या काळ्या टपाचे तापमान त्याच्या फारसे दूर नसते. म्हणून उन्हाळ्यात मेणाचा थर लवकर संपतो, सिरॅमिकचा टिकतो.

अतिनील किरणांबाबत मात्र अपेक्षा मर्यादित ठेवणे इष्ट. एक मायक्रॉनच्या पारदर्शक पापुद्र्याने फारसे ऊन अडत नाही. ते काम मुख्यतः पारदर्शक थरातील द्रव्येच करीत असतात. लेपाचा खरा लाभ असा, की हा थर वारंवार घासण्या-पॉलिश करण्याची वेळ येत नाही आणि त्याची जाडी शाबूत राहते. उन्हावर सावलीइतका स्वस्त व खात्रीचा उपाय आजही दुसरा नाही.

'नऊ एच'चा अर्थ

जाहिरातींत 'नऊ एच' कठीणपणाचा गाजावाजा असतो. हे माप पेन्सिलींच्या चाचणीचे आहे. वाढत्या कठीणपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात दाबून ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने चरा उमटतो ते पाहतात. नऊ एच म्हणजे त्या संचातील सर्वांत कठीण पेन्सिलीलाही दाद न देणारा पृष्ठभाग. खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्ज मापाशी याचा संबंध नाही. समुद्राच्या वाळूत सापडणारा क्वार्ट्झ मोह्ज मापावर ७ अंकाचा आहे आणि तो काचेलाही चरे पाडतो. तेव्हा वाळूच्या कणांसकट कोरड्या फडक्याने वाहन पुसले, तर लेप असो वा नसो, ओरखडे उठणारच.

आकारामुळे बदलणारे प्रश्न

मोठ्या वाहनाच्या बाबतीत केवळ क्षेत्रफळच वाढते असे नाही. कार्यशाळेत ३० ते ५० मिलिलिटरची बाटली एका मोटारीस पुरते. उंच जीप किंवा मिनीबसला त्याच्या दुप्पट वा अधिक द्रव लागतो. काम लांबते आणि लांबलेल्या कामात घाई शिरते. लेप सुमारे दीड-दोन फुटांच्या चौकोनात फासायचा, काही मिनिटांत त्यावर इंद्रधनुषी छटा दिसू लागली की पुसून एकसारखा करायचा, अशी पद्धत असते. पुसण्यास उशीर झाला तर जाड ठिपके जागीच वाळतात आणि ते घासूनच काढावे लागतात. म्हणून मोठ्या वाहनावर दोघांनी काम करावे, एकाने फासावे व दुसऱ्याने पुसावे, हे उत्तम.

टपाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, कारण ते नजरेस पडत नाही आणि हात पोहोचत नाही. वस्तुतः सर्वाधिक ऊन तेच सोसते. शिवाय टप सपाट असल्याने लेपावरचे पाण्याचे थेंब ओघळून न जाता जागीच उभे राहतात आणि वाळून क्षारांची वलये मागे ठेवतात. उभ्या बाजूंवर हा प्रश्न कमी असतो. त्यामुळे काम पुरे झाल्यावर घडवंचीवर चढून टपाची पाहणी करणे आवश्यक ठरते. पेटीसारख्या आकाराच्या वाहनामागे चालताना हवेचा कमी दाबाचा भोवरा तयार होतो. त्यात धूळ व धूर ओढले जाऊन मागचे दार सर्वांत मळते. तेथे लेपाचा उपयोग रोजच्या धुण्यात चटकन जाणवतो.

सर्व भाग एकाच द्रव्याचे नसतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. बंपर प्लॅस्टिकचे, काही मिनीबसचे पुढचे-मागचे भाग फायबरचे, तर बाजूंवर नावे व चित्रांची चिकटपट्टी असते. न रंगवलेल्या प्लॅस्टिकला, काचेला आणि चाकांना वेगळे लेप मिळतात. एकच बाटली सर्वत्र वापरणे योग्य नव्हे.

खरे काम लेपाआधीचे

जाणकार कारागिराचा बहुतेक वेळ लेप लावण्यात नव्हे, तर त्याआधीच्या तयारीत जातो. प्रथम वाहन स्वच्छ धुवायचे. मग लोहकण विरघळवणारे द्रावण फवारायचे. रुतलेल्या कणांशी संयोग होताच ते जांभळे होते. उरलेली खरखर विशिष्ट चिकणमातीच्या गोळ्याने, भरपूर वंगण वापरून, काढायची. त्यानंतर यंत्राने पॉलिश करून चरे व वलये घालवायची आणि शेवटी अल्कोहोलमिश्रित द्रावणाने तेलाचा अंश पुसून काढायचा. लेप पारदर्शक असल्याने खाली राहिलेला प्रत्येक दोष त्याखाली बंदिस्त होतो.

पॉलिश म्हणजे पारदर्शक थराचा काही भाग घासून काढणेच होय. तो थर पुन्हा वाढत नाही. म्हणून जुन्या वाहनावर काम सुरू करण्यापूर्वी जाडी मोजणारे यंत्र ठिकठिकाणी लावून पाहणे अगत्याचे आहे. एखाद्या भागाची जाडी बाकीच्यांपेक्षा फारच अधिक भरली, तर तेथे पूर्वी लांबी भरून रंगकाम झाले असावे असे समजावे. जाडी फारच कमी असेल, तर पॉलिशचा मोह टाळावा. ताज्या रंगकामावर लेप लावण्याची घाईही नको. गॅरेजमधला रंग आतून पूर्ण सुकण्यास साधारण महिनाभर द्यावा.

हवामानाचे पथ्यही मोठे आहे. लेप बाष्पावर सुकतो, पण बाष्प फार झाले की तो अवाजवी वेगाने आवळतो. तापलेल्या पत्र्यावरही तेच होते. कोकणात पावसाळ्याच्या दमट हवेत आणि विदर्भात मे महिन्यात उघड्यावर हे काम करू नये. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा थंड व कोरडा काळ दोन्हीकडे सोयीचा. तेव्हा लावलेला लेप पावसाळ्यापूर्वी पूर्ण मुरलेला असतो. लावल्यानंतर पहिला दिवसभर वाहन भिजू देऊ नये आणि आठवडाभर शाम्पूने धुऊ नये.

कारागिराच्या प्रकृतीचाही विचार व्हावा. या द्रवांतील द्रावकांची वाफ घातक असते. पॉलिसिलाझेन सुकताना अमोनियाही बाहेर पडतो. बंद गाळ्यात, साध्या रुमालाने तोंड बांधून मिनीबसचे काम तासन्‌तास करणे धोक्याचे आहे. हातमोजे, द्रावकांसाठीचा योग्य मुखवटा आणि खेळती हवा या चैनीच्या गोष्टी नव्हेत.

लेप काय करू शकत नाही

उडालेल्या खडीचा टवका लेप थांबवू शकत नाही. त्यासाठी साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म उपयोगी पडते. तिचा खर्च पुष्कळ अधिक असल्याने संपूर्ण मोठ्या वाहनाऐवजी बॉनेटची कड, पुढचा बंपर आणि चाकांमागचा भाग एवढ्यापुरती ती लावून बाकी ठिकाणी लेप देणे हा व्यवहार्य मध्यममार्ग आहे.

गंजावर तर लेपाचा काहीच इलाज चालत नाही. गंज सुरू होतो तो दाराच्या खालच्या शिवणीत, मडगार्डच्या आतल्या कडेला, चासीवर आणि कॅरिअरच्या पायांखाली. तेथे लेप पोहोचतच नाही. किनाऱ्यावर फिरायला येणारी मंडळी जीप थेट भरतीच्या पाण्यात घालतात, तेव्हा खारे पाणी नेमके याच पोकळ्यांत शिरते. वरचा रंग चमकत राहतो आणि पत्रा आतून पोखरला जातो. त्यावर उपाय साधेच आहेत. गोड्या पाण्याने खालची बाजू भरपूर धुणे, दारांखालची पाणी निघण्याची छिद्रे मोकळी ठेवणे, खालून गंजरोधक फवारणी करून घेणे आणि टवका दिसताच टचअपच्या ब्रशने तो बुजवणे. खर्चाला मर्यादा असेल, तर किनाऱ्यावरील वाहनधारकाने लेपाआधी हा खर्च करावा.

निगा राखली तरच

शहरांतील गृहसंकुलांत रोज सकाळी गाड्या पुसून घेण्याची प्रथा आहे. एकाच बादलीतील पाणी आणि एकच फडके दहा-वीस गाड्यांवर फिरते. त्या फडक्यातील धुळीने पडणाऱ्या बारीक चऱ्यांची जाळी उन्हात स्पष्ट दिसते. लेप दिलेल्या वाहनाचेही आयुष्य यानेच कमी होते. रोज कोरडे पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुणे कधीही बरे.

धुताना प्रथम नुसत्या पाण्याने धूळ-चिखल उतरवावा. मग एका बादलीत सौम्य शाम्पू आणि दुसरीत फडके खळबळण्यासाठी स्वच्छ पाणी, अशा दोन बादल्या वापराव्यात. टपापासून सुरुवात करून खाली यावे. कपड्यांची साबण पावडर वापरू नये. काम सावलीत करावे आणि मऊ मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्यावे. जड पाण्याची ताजी वलये पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात. नंतर साध्या पाण्याने धुणे मात्र आवश्यक. पक्ष्यांची विष्ठा दिसताच ओल्या फडक्याने भिजवून काढावी. लेप आहे म्हणून ती आठवडाभर ठेवण्याची मुभा मिळत नाही.

कालांतराने पाण्याचे थेंब पूर्वीसारखे ओघळेनासे झाले, की लेप संपला असा समज होतो. पुष्कळदा त्यावर क्षारांचा व काजळीचा थर बसलेला असतो. क्षार काढणाऱ्या खास शाम्पूने धुतल्यावर तो पुन्हा पूर्ववत वागू लागतो. असे करूनही फरक पडला नाही, तरच नव्या लेपाचा विचार करावा.

हमीपत्र वाचूनच सही

लेपाच्या हमीपत्रात वर्षांचा आकडा मोठ्या अक्षरांत आणि अटी बारीक अक्षरांत असतात. ठरावीक काळाने त्याच केंद्रात सशुल्क तपासणी ही सर्रास आढळणारी अट आहे. ओरखडे, टवके, पाण्याचे डाग आणि पक्ष्यांच्या विष्ठेचे व्रण बहुधा हमीतून वगळलेले असतात. म्हणजे वाहनधारकाला ज्या गोष्टींची धास्ती असते, त्यातल्या बऱ्याच बाहेर राहतात. दर ठरवताना किती थर, कोणते उत्पादन, पॉलिशच्या किती फेऱ्या, टप धरले आहे की नाही आणि जाडीची मोजणी दाखवणार का, हे प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत. दोन दिवसांचे काम दोन तासांत करून देणाऱ्याकडे तयारीला वेळ नसतो, हे उघड आहे.

ज्यांना हा खर्च परवडत नाही, त्यांनी नाउमेद होण्याचे कारण नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, चांगल्या प्रतीचे सीलंट हाताने लावले, वाहन सावलीत उभे केले आणि मीठ-चिखल वेळच्या वेळी धुतला, तरी रंगाचे आयुष्य पुष्कळ वाढते. उलट महागडा लेप देऊन वाहन वर्षभर आंब्याखाली न धुता ठेवले, तर तो खर्च व्यर्थ होय. एक-दोन मायक्रॉनचा पापुद्रा वाहनधारकाचे कष्ट कमी करतो, पण त्याची जबाबदारी स्वतःकडे घेत नाही.